तबुले: पार्सलीचे की दलियाचे?

अलकापुरीत अलीकडे सुरू झालेल्या एका लहानशा लेबनीज उपाहारगृहात आम्ही घरची चार माणसे दोन वेळा जेवून आलो. पुढे थोडी तक्रारही करायची असल्याने नाव लिहीत नाही. हमस आणि फलाफल आता वडोदऱ्यात बऱ्याच ठिकाणी मिळते. मी गेले ती तबुले खायला.

तबुले ही मुळात पार्सलीची, म्हणजे कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या पाल्याची, कोशिंबीर आहे. ढीगभर पार्सली, थोडा पुदिना, टोमॅटो, कांदा, लिंबाचा रस आणि ऑलिव्ह तेल एवढा तिचा ऐवज. बुल्गुर, म्हणजे उकडून वाळवलेल्या गव्हाचा भरडा, त्यात बेताचाच असतो. आपल्याकडे हे प्रमाण उलटे करून थंड उपम्यासारखे काहीतरी समोर ठेवण्याची पद्धत पडली आहे. त्यातून बुल्गुरऐवजी दलिया वापरला की पंचाईतच होते, कारण बारीक बुल्गुर आधीच उकडलेला असल्याने लिंबाच्या रसात आणि टोमॅटोच्या पाण्यात मुरूनच मऊ होतो, तर फाडा लापशीचा दलिया कच्चा असतो, तो शिजवावा लागतो आणि शिजला की चिकटतो.

पहिल्या दिवशी आलेली ताटली हिरवीगार होती. पार्सली सुरीने चिरलेली असावी, कारण तिचा लगदा झाला नव्हता, आणि बुल्गुरचा कण न् कण दाताखाली सुटा लागत होता. लिंबू सढळ हाताने पिळले होते. सासूबाईंनी मात्र दोन घास खाऊन, यात दाण्याचे कूट हवे होते, असा निकाल दिला.

सोबत लेट्यूसची पाने होती. लेबनॉनमध्ये अशा पानाचा द्रोण करून त्यात तबुले उचलून खातात. येथे वाढणाऱ्या मुलाने काहीही न सांगता चार काटे मांडले, आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी ती पाने शोभेची समजून बाजूला सारत होती. एवढे एक वाक्य त्याला शिकवायला काय हरकत आहे?

दुसऱ्या खेपेला, रविवारी रात्री, ताटलीच्या तळाशी चांगले दोन चमचे पाणी साचले होते. पार्सली धुऊन कोरडी न करताच चिरली असावी आणि मीठही आधीच लावून ठेवले असावे. काकडीच्या कोशिंबिरीला आपण पाने मांडल्यावर मीठ लावतो, ते याच भीतीने. गल्ल्यावर सांगताच त्यांनी वाद न घालता दुसरी ताटली दिली, हेही नोंदवायला हवे. २८० रुपयांची ताटली दोघांना पुरते.

फत्तूश, म्हणजे पिटा या रोटीचे भाजलेले तुकडे घातलेली कोशिंबीर, मागवणार असाल, तर ते तुकडे वेगळे आणायला सांगावे. सुमाकची आंबट, आमसुली रंगाची पूड त्यावर छान भुरभुरली होती, पण तुकडे स्वयंपाकघरातच कालवल्याने टेबलावर येईपर्यंत त्यांचा कुरकुरीतपणा पार गेला होता.