४५० रुपयांचं भिंग आणि आजीचे राणीछाप रुपये

दारव्हा तालुक्यात आमचं गाव. पेरणीच्या तोंडावर बियाण्या-खतासाठी घरातली चांदी काढायची हे इकडं नवीन नाही. मागच्या मृगात आजीच्या गाठोड्यातले २३ बंदे रुपये घेऊन सराफाकडे गेलो, त्यानं काट्यावर टाकले, तोळ्यानं भाव सांगितला अन वरून म्हणते सगळे सारखेच असतात. ४ देऊन टाकले. बाकीचे परत आणले, मनच होईना, अन मग हे १० एक्सचं, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, घडीचं भिंग ऑनलाइन मागवलं.

भिंग एक नंबर आहे. काच स्वच्छ, कडेपर्यंत सरळ दिसते, बॉडी लोखंडी. फक्त पकडायची रीत शिकून घ्या, भिंग डोळ्याला लावायचं अन नाणं हळूहळू जवळ आणायचं, इंचभर अंतरावर आलं की अक्षरं एकदम उघडतात. उजेड समोरून नको, बाजूनं तिरपा पाहिजे, मी सकाळी ओसरीत बसून पाहतो. आधी ३० एक्स लिहिलेलं स्वस्तातलं घेतलं होतं, मधात टिकलीएवढं दिसे अन बाजूला सगळं पाण्यात बुडाल्यासारखं, त्याच्या नादी लागू नका.

आता दिसते काय ते सांगतो. १८६२ चा राणीछाप रुपया १८७४ पर्यंत त्याच सालाचा पाडत राहिले, पण मुंबई टांकसाळीच्या ठशांवर सालाजवळ, फुलाजवळ बारीक टिंबं असतात, कुठं एक, कुठं दोन, कुठं जास्त. नुसत्या डोळ्यानं तो मळ वाटते. भिंगाखाली माझ्या एका रुपयावर सालाखाली ओळीनं टिंबं उठून दिसली तेव्हा मी आईला हाक मारून मारून बोलावलं! अमेरिकेतले लोक असंच १८७८ च्या मॉर्गन डॉलरवर, म्हणजे त्यांच्या चांदीच्या जुन्या नाण्यावर, गरुडाच्या शेपटीची पिसं मोजतात, ८ आहेत का ७, आधी ८ होती मग ठसा बदलला.

१९११ चा एक रुपयाही निघाला. त्यावरच्या पंचम जॉर्ज राजाच्या साखळीतल्या हत्तीची सोंड इतकी आखूड की लोकायले डुक्कर वाटलं, लय बोंब झाली, ९४ लाख पाडलेल्यातले ७ लाखच बाहेर गेले होते, बाकीचे वितळवले अन १९१२ ला ठसा सुधारला. भिंगातून पाहा, खरंच डुकरावानी दिसते.

विकताना भिंगाला मोबाइल टेकवून फोटो काढले अन नागपूरला इतवारीतल्या एका जुन्या नाणेवाल्याला पाठवले. टिंबवाल्याचे चांदीच्या भावाच्या तिप्पट भेटले. दोन मात्र त्यानं घेतलेच नाही, माळेसाठी कडी डागलेली होती, ती पुसलेली जागा मलेही भिंगात दिसली. अन चिंच-राखेनं घासू नका हो, बारीक खुणा जातात अन गिऱ्हाईक लगेच ओळखते.

कमी एकच, घडीचा स्क्रू महिन्यात ढिला झाला, बारीक पेचकसानं आवळावा लागला. सोबतची थैली कामाची नाही, मी जुन्या धोतराच्या तुकड्यात ठेवतो. ते सराफाला दिलेले ४ एकदा या भिंगाखाली पाहायला पाहिजे होते, त्यातले दोन राणीछापच होते.