पुस्तकगाडीने आणलेले मॅकियाव्हेलीचे चरित्र

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात दर पंधरवड्याला तालुक्याहून वाचनालयाची पुस्तकगाडी येते आणि कापूस वेचणीच्या धामधुमीतही तिची फेरी चुकत नाही, हे या सेवेचे मोठे बळ आहे. या खेपेस मी निकोलो मॅकियाव्हेलीचे मराठी चरित्र घेतले.

१४६९ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्समध्ये जन्मलेला हा मुत्सद्दी १४९८ पासून चौदा वर्षे तेथील प्रजासत्ताकाच्या सेवेत होता. भाडोत्री सैन्यावर विश्वास नसल्याने त्याने ग्रामीण भागातून स्वतःचे दल उभारले आणि १५०९ मध्ये पिसा जिंकताना ते उपयोगी पडले. १५१२ मध्ये फ्लॉरेन्सवर पूर्वी सत्ता गाजवणारे मेदिची घराणे परतल्यावर त्याचे पद गेले. पुढच्याच वर्षी कटाच्या संशयावरून त्याला हात पाठीमागे बांधून दोरीने टांगण्यात आले.

सुटकेनंतरचे प्रकरण मी दोनदा वाचले. १० डिसेंबर १५१३ च्या पत्रात तो लिहितो की, खेड्यातील शेतवाडीवर दिवस घालवल्यावर संध्याकाळी तो चिखलाने माखलेले कपडे उतरवतो, दरबारी पोशाख चढवतो आणि चार तास प्राचीन ग्रंथकारांशी संवाद करतो. शेतातून येऊन, हातपाय धुऊन, कंदिलाजवळ पोथी उघडणारे माझे आजोबा मला तेथे दिसले.

राज्यसत्तेविषयीचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ 'द प्रिन्स' मात्र त्याच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १५३२ मध्ये छापला गेला.

पुस्तकात इटलीचा नकाशा नाही, ही उणीव वारंवार जाणवते. गाडीवर पुस्तकांची यादी लावलेली नसते आणि एवढ्या जाड चरित्रासाठी पंधरा दिवसांची मुदत अपुरी पडते. ती वाढवून द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.