डच बास्केटबॉलपटूचे परदेशातील करिअर: अमेरिकी कॉलेज की स्पॅनिश क्लब?

नेदरलँड्समध्ये वाढलेला, क्लबच्या युवा संघातून वर आलेला आणि शाळा संपवत आलेला खेळाडू पुढे परदेशातच जाणार, याविषयी आता फारसे दुमत राहिलेले नाही. २०२१ मध्ये डच आणि बेल्जियन लीग एकत्र येऊन बीएनएक्सटी लीग सुरू झाली आणि स्पर्धेचा दर्जा नक्कीच सुधारला. तरीही ज्याला या खेळावर चरितार्थ चालवायचा आहे, त्याला लवकर बाहेर पडावे लागते. जायचे कुठे, हा खरा प्रश्न असतो. आमच्या घरी मुलासाठी हा निर्णय घेताना आम्ही दोन्ही वाटा जवळून पाहिल्या, त्यांतील स्पॅनिश क्लबच्या वाटेवर तो एक हंगाम चाललाही, आणि त्या अनुभवावरून आमचे मत बनले. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो, हे आधीच मान्य करतो.

अमेरिकी कॉलेजची वाट डच खेळाडूंसाठी जुनी आहे. आइंडहोवनचा रिक स्मिट्स १९८४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मॅरिस्ट या लहानशा कॉलेजात गेला, १९८८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधील (एनबीए) संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, इंडियाना पेसर्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडले आणि एनबीएमधील बाराही हंगाम तो त्याच संघाकडून खेळला. त्याची सव्वासात फुटांहून अधिक उंची सर्वांच्या लक्षात राहते. मला मात्र त्याच्या कॉलेजची निवड अधिक महत्त्वाची वाटते, कारण मोठ्या नावाच्या कॉलेजात जो मुलगा दोन वर्षे राखीव म्हणून बसला असता, तो मॅरिस्टमध्ये संघाचा आधारस्तंभ झाला आणि त्या कॉलेजने १९८६ व १९८७ अशी सलग दोन वर्षे राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळवला.

क्लबच्या वाटेचे सर्वांत बोलके डच उदाहरण म्हणजे हेंक नोरेल. तो कोवळ्या वयात बदालोनाच्या जोव्हेंटुट क्लबात गेला आणि तेथेच घडला. २००९ च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटाने त्याला ४७ व्या क्रमांकावर निवडले. एनबीएमध्ये तो कधी खेळला नाही, पण स्पेनच्या अव्वल लीगमध्ये त्याने अनेक हंगाम सन्मानाने काढले. याला अपयश म्हणणे चुकीचे ठरेल. स्पेनची लीग युरोपातील सर्वांत कसदार लीगपैकी एक आहे आणि तेथे टिकून राहणे हेच एक मोठे करिअर आहे.

प्रशिक्षणाच्या बाबतीत स्पेन सरस आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. मुलाला पिक अँड रोल (सहकाऱ्याच्या आडोशाने पुढे सरकण्याची दोघांची चाल) वाचायला, चेंडूशिवाय जागा घ्यायला आणि बचावात दोन पावले आधी हालायला ज्या बारकाईने तेथे शिकवले गेले, तितके बारीक काम मी अन्यत्र पाहिले नाही. शिवाय तेथे सुरुवातीपासून फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) नियम आणि चेंडू बास्केटकडे फेकण्यासाठी २४ सेकंदांचे घड्याळ असते. कॉलेजात ३० सेकंद मिळतात, सामना दोन अर्ध्यांचा असतो आणि खेळाची गती प्रशिक्षकाच्या हाती अधिक राहते. भाषा, जेवण आणि घरापासूनचे अंतर या बाबतींतही युरोप सोपा आहे. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

आमचा निर्णय मात्र एका वेगळ्याच गोष्टीने झाला, आणि ती करारात कोठेही ठळकपणे लिहिलेली नव्हती. मुलाचे नाव एकाच वेळी मुख्य संघाच्या सरावात आणि खालच्या विभागातील जोडसंघाच्या सामन्यांत असे. शनिवार-रविवारी तो कोणत्या संघाबरोबर जाणार, हे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ठरत नसे. मुख्य संघात कोणाला दुखापत झाली की संख्या पूर्ण करण्यासाठी त्याला बोलावले जाई, पूर्ण पोशाखात तो बाकावर बसे, मैदानात पाऊलही न टाकता परत येई, आणि त्याच दिवशी जोडसंघाचा जो सामना त्याला चाळीस मिनिटे मिळवून देणारा होता, तो त्याच्याविना होऊन जाई. हे एकदोनदा घडले असते तर तक्रार नव्हती. पण तो क्रमच झाला, आणि हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या देशातील एका क्लबाने त्याला नियमित खेळवण्याची तयारी दाखवली, तेव्हा आधीच्या क्लबच्या ना-हरकत पत्राशिवाय नोंदणी होत नाही आणि हंगाम संपेपर्यंत ते मिळणार नाही, असे उत्तर आम्हाला मिळाले. अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूसाठी सामन्याविना गेलेला हंगाम भरून निघत नाही, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

कॉलेजात नवख्याला बसावे लागत नाही, असे नाही. ॲम्स्टरडॅमचा क्विंटन पोस्ट २०१९ मध्ये मिसिसिपी स्टेटला गेला आणि पहिली दोन वर्षे त्याला फारशी संधी मिळाली नाही. फरक पुढच्या पावलात आहे. २०२१ मध्ये तो बॉस्टन कॉलेजात गेला, २०२३ मध्ये त्याच्या विभागातील सर्वाधिक प्रगती करणारा खेळाडू ठरला, शेवटच्या हंगामात सरासरी १७ गुण मिळवू लागला आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला जाऊन गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे पोहोचला. सात फूट उंचीच्या मुलाने दूरवरून तीन गुणांचे फेके टाकण्याचे कौशल्य पक्के केले, ते या वर्षांत. बाकावर अडकलेल्या खेळाडूला स्वतःच्या इच्छेने दार उघडता येणे, हीच गोष्ट मला स्पेनमध्ये सापडली नव्हती. आता तर हंगाम बाहेर न बसता पुन्हा पुन्हा कॉलेज बदलता येते. त्याचे दुष्परिणामही आहेत, कारण प्रशिक्षकही तितक्याच सहजतेने दुसरा खेळाडू आणू शकतो.

पैशाचे गणित अलीकडे उलटले आहे. पूर्वी क्लबात पगार आणि कॉलेजात केवळ शिष्यवृत्ती, असा सरळ व्यवहार होता. २०२५ पासून कॉलेजे खेळाडूंना उत्पन्नातील वाटा थेट देऊ शकतात. रिआल माद्रिदचा एगोर द्योमिन आणि बार्सेलोनाचा कास्पारास याकुचोनिस यांनी २०२४ मध्ये क्लब सोडून कॉलेज निवडले आणि पुढच्याच वर्षी दोघेही पहिल्या फेरीत निवडले गेले, यातून वाऱ्याची दिशा कळते. परदेशी विद्यार्थ्याच्या व्हिसावर ही रक्कम कशी स्वीकारायची, हा प्रश्न नाजूक आहे. तेथे जाणकार वकिलाचा सल्ला घेणेच इष्ट.

राष्ट्रीय संघाची ओढ असेल तर कॉलेजची बाजू कमकुवत पडते. फिबाचे पात्रता सामने नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत येतात, म्हणजे नेमके कॉलेज हंगामाच्या ऐन भरात, आणि डच संघाला आपल्या कॉलेजवीरांविना खेळावे लागते.

ॲम्स्टेलव्हेन आणि आइंडहोवनच्या परिसरातील मराठी कुटुंबांसाठी एक बाब स्वतंत्रपणे सांगायला हवी. मुलाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर स्पॅनिश क्लब त्याला युरोपीय खेळाडू म्हणून नोंदवू शकत नाही, आणि बिगर-युरोपीयांच्या मोजक्या जागा क्लब अनुभवी अमेरिकनांसाठी राखून ठेवतात. डच नागरिकत्व वयाच्या सोळाव्या वर्षानंतर मिळाले, तर फिबाच्या नियमाप्रमाणे राष्ट्रीय संघातही तो अशा उशिरा नागरिक झालेल्यांसाठीच्या एकमेव जागेतच मोजला जाऊ शकतो. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नसल्याने हा निर्णय खेळापलीकडचाही आहे आणि तो लवकर घ्यावा लागतो. अमेरिकी कॉलेजात संघातील जागेसाठी पासपोर्टचा रंग आड येत नाही.

माझा कल कोठे आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. तरीही ज्याचा मुलगा चेंडू हाताळणारा गार्ड आहे, ज्याला अभ्यासाची मुळीच आवड नाही आणि ज्याला एखाद्या क्लबाने थेट मुख्य संघात जागा देऊ केली आहे, त्याने स्पेनचा विचार जरूर करावा. मात्र सही करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: किती सामन्यांत खेळवले नाही तर ना-हरकत पत्र मिळेल, आणि ते किती दिवसांत मिळेल. क्लब यावर गप्प राहिला, तर मी सही करणार नाही.