सव्वा किलोचा रिकामा डबा पाठीवर वाहण्याबद्दल

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये रानात मुक्काम करायचा असेल, तर एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये खाण्याचं सगळं सामान टणक कवचाच्या डब्यात ठेवावं लागतं. अस्वलांना खाणं मिळू नये म्हणून असलेल्या या डब्याला इथे बेअर कॅनिस्टर म्हणतात. नवरा, पंधरा वर्षांचा मुलगा आणि मी, असे आम्ही तिघं ऑगस्टमध्ये पार्कच्या पश्चिमेकडच्या ईस्ट इनलेट वाटेने दोन रात्री राहून आलो. पहिली रात्र लोन पाइन लेकजवळ, दुसरी लेक व्हर्नाजवळ. अस्वल दिसलं नाही. तरी या डब्याबद्दल सविस्तर लिहितेय, कारण निघण्याआधी मी शोधत होते तेव्हा वजन आणि लिटर सोडून कुणी फारसं काही सांगत नव्हतं.

आम्ही डबा भाड्याने आणला. पारदर्शक पॉलीकार्बोनेटचा, साडेअकरा लिटरचा, रिकामा असताना साधारण सव्वा किलो. आकाराने छोट्या बादलीएवढा. झाकण फिरवून लावायचं, आणि उघडताना कडेच्या दोन खुंट्यांशी एकामागून एक आत दाबून झाकण त्यांच्यापुढे सरकवायचं. माणसाच्या बोटांना हे जमतं, पंजाला जमू नये, एवढीच त्यामागची युक्ती. काळ्या अपारदर्शक प्लॅस्टिकचा दुसरा प्रकारही दुकानात होता. त्याची कुलपं नाण्याने फिरवतात. मी पारदर्शक निवडला, कारण आत काय कुठे आहे ते बाहेरून दिसतं. त्याचा पस्तावा झाला नाही.

दुकानाबद्दल मात्र तक्रार आहे. डबा हातात दिला तेव्हा आत आधीच्या लोकांच्या मसाल्याचा वास होता आणि तळाशी चुरा चिकटलेला. झाकण कसं उघडायचं, डबा रात्री कुठे ठेवायचा, एक अक्षर सांगितलं नाही. अस्वलाच्या हाती खाणं लागू नये म्हणूनच जी वस्तू न्यायची ती धुतलेली तरी असावी, ही अपेक्षा जास्त नाही. घरी आणून सोडा घालून दोनदा धुतला.

खरी परीक्षा भरतानाच झाली. तिघांचं दोन रात्रींचं खाणं टेबलावर मांडलं आणि मुलगा म्हणाला, ‘‘आई, हे यात मावणं शक्यच नाही.’’ त्याचं खरं होतं. शिवाय आपण फक्त खाणं मोजतो. डब्यात जायच्या असतात वास येणाऱ्या सगळ्याच वस्तू: टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम, चघळायच्या गोळ्या, ओले टिश्यू, आणि परत येताना कचऱ्याची पिशवीसुद्धा. ही यादी ऐकल्यावर साडेअकरा लिटर एकदम लहान वाटायला लागतात.

मग आम्ही सगळं बाहेर काढून पुन्हा सुरुवात केली. कंपनीची खोकी आणि पुड्या घरीच ठेवल्या. ओट्स, दूध पावडर आणि साखर एकाच पिशवीत मोजून मिसळली, एका सकाळची एक पिशवी. नूडल्स चुरून भरल्या. हवा भरलेल्या प्रत्येक पाकिटाला टाचणीने भोक पाडून ते दाबून चपटं केलं. टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या, डब्याच्या आतल्या भिंतीला वाकवून उभ्या लावल्या, मधल्या पोकळीत बाकीचं. टूथपेस्टची मोठी ट्यूब गेली आणि नखाएवढी ट्यूब आली. पहिल्या दिवसाचं दुपारचं खाणं डब्यात न घालता वर ठेवलं, कारण ते वाटेतच संपणार होतं. सगळं करूनही खारे शेंगदाणे अर्धेच मावले. जे शेवटचं खायचं ते तळाशी आणि जे आधी लागणार ते वर, हा क्रम मात्र पक्का ठेवा. पहिल्याच संध्याकाळी तळातलं सूप शोधत सगळा डबा जमिनीवर ओतणं म्हणजे ज्यासाठी डबा आणला त्यालाच पाणी सोडणं.

परमिट घ्यायला कावुनीची व्हिजिटर सेंटरला गेलो, तर रेंजरबाईंनी आधी विचारलं, ‘‘कॅनिस्टर आहे ना?’’ मग नकाशावर दोन्ही मुक्काम दाखवले आणि एक गोष्ट दोनदा सांगितली: रात्री डबा तंबूपासून मोठ्या माणसाची सत्तर पावलं दूर. म्हणजे सुमारे ६० मीटर. पाण्याजवळ नको, उतारावर नको, कड्याजवळ तर नकोच. दोरीने झाडाला बांधायचा नाही, कारण दोरी असली की अस्वलाला ओढून न्यायला मूठ मिळते. सपाट जागी, दाट झुडपांच्या किंवा दगडांच्या बेचक्यात ठेवायचा आणि जागा लक्षात ठेवायची. आम्ही झाकणावर चमकणारी पट्टी चिकटवली. अंधारात टॉर्च मारली की ती लगेच दिसते, हा सल्ला मी प्रत्येकाला देईन.

ईस्ट इनलेटची वाट ग्रँड लेक गावाच्या पूर्व टोकाला सुरू होते. ॲडम्स फॉल्सपर्यंत गर्दी असते, त्यानंतर माणसं विरळ होत जातात. डबा पाठपिशवीत उभा, पाठीला चिकटून आणि मधोमध ठेवला होता, खाली स्लीपिंग बॅग आणि कडेच्या फटींत कपडे. असा ठेवला तर वजन जाणवतं, पण त्रास देत नाही. माझ्या नवऱ्याने आधी तो पिशवीच्या अगदी वर ठेवला होता. दगडी पायऱ्यांच्या चढावर पिशवी त्याला मागे ओढायला लागली, तेव्हा थांबून सगळं परत लावलं. पिशवी लहान असेल तर हा डबा आडवा-उभा कसाही नीट बसेलच असं नाही, हे भाड्याने घेण्याआधीच तपासून बघा.

धबधब्यानंतरच्या कुरणात मूस या धिप्पाड हरणाची मादी आणि तिचं पिल्लू वाटेपासून जवळच चरत होते. पार्कचा नियम मूस आणि अस्वलांपासून ३६ मीटर, एल्क या दुसऱ्या मोठ्या हरणापासून २३ मीटर अंतर ठेवायचा आहे. मूस दिसायला संथ असते, पण पिल्लू सोबत असलेली मादी धावून येते. आम्ही मागे सरून झाडांआड पंचवीस मिनिटं बसलो. आमच्या मागून आलेलं एक जोडपं फोटोसाठी पुढे जाऊ लागलं, तेव्हा नवऱ्याने त्यांना हळू आवाजात थांबवलं. ते थांबले, याचा मला फार आनंद झाला. डबा त्या वेळी बसायला कामी आला. स्टूल म्हणून तो उत्तम आहे, हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे.

लोन पाइन लेकला मुक्कामाची जागा झाडांवरच्या लाल बाणांच्या खुणा बघत शोधायची असते. तंबू लावण्याआधी मान वर करून पाहिलं. किडीने वाळलेली पाइनची झाडं इथे पुष्कळ आहेत आणि ती वाऱ्यात न सांगता पडतात. स्वयंपाक तंबूपासून दूर केला, गॅसच्या छोट्या शेगडीवर, कारण अशा मुक्कामांवर सहसा लाकडाचा जाळ करू देत नाहीत.

डबा उघडला आणि मिनिटभरात ‘जे’ नावाचा एक करडा पक्षी फांदीवर येऊन बसला. पाठोपाठ एक खार आली, ती थेट मुलाच्या बुटापर्यंत. माणसाला जराही न घाबरणारी खार बघून मुलगा हसला, आणि मला वाईट वाटलं. इतक्या आत, ९ किलोमीटरवर, कुणीतरी तिला पुन्हा पुन्हा काहीतरी दिलेलं असणार. मी ताटल्या वाढत असताना त्या पक्ष्याने टॉर्टियाचा तुकडा उचलून नेलाच. चूक माझी. झाकण नुसतं वर टेकवून ठेवलं होतं. त्यानंतर दर वेळी हवं ते काढलं की लगेच झाकण फिरवून बंद, दिवसासुद्धा.

त्या रात्री आम्ही झोपायला आत शिरलो आणि मला जॅकेटच्या खिशात ओठांचं मलम सापडलं. स्ट्रॉबेरीचं. नवरा म्हणाला, ‘‘अगं, एवढंसं तर आहे.’’ पण झोप लागली नसती. बूट घालून, डोक्यावर टॉर्च लावून आम्ही दोघं सत्तर पावलं मोजत गेलो, झाकण उघडलं, मलम आत टाकलं, आणि परत आलो. त्या पावलांत मला भीती वाटत होती ती अस्वलाची नव्हती. माझ्या एवढ्याशा विसराळूपणाने एखादं अस्वल तंबूशी यायला शिकेल, ही होती.

कारण शिकलेल्या अस्वलाचं पुढे काय होतं, ते मी वाचलेलं होतं. रॉकी माउंटनमध्ये आता फक्त काळी अस्वलं उरली आहेत, ग्रिझली ही मोठी तपकिरी अस्वलं नाहीत. काळं अस्वल सहसा माणसाला टाळतं. उन्हाळा संपता संपता त्याला हिवाळ्यासाठी चरबी साठवायची असते आणि दिवसातला बहुतेक वेळ ते खाणं शोधत असतं. एकदा त्याला कळलं की तंबूत शेंगदाण्यांची पिशवी मिळते, की ते धीट होतं, आणि धीट झालेल्या अस्वलाला बऱ्याचदा मारावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये १९९८ या एका वर्षात अस्वलांनी गाड्या आणि तंबू फोडण्याचे दीड हजारांहून जास्त प्रकार झाले होते. पुढे डबे, लोखंडी पेट्या आणि सक्तीचे नियम आले, तसे हे प्रकार खूपच कमी झाले. सव्वा किलो ओझं म्हणजे काय, हे मला तिथे कळलं.

हे डबे तपासण्याची पद्धतही सांगण्यासारखी आहे. वेस्ट यलोस्टोन गावातल्या ग्रिझली अँड वुल्फ डिस्कव्हरी सेंटरमध्ये डब्यात खाऊ भरून तो तिथल्या बंदिस्त ग्रिझलींपुढे टाकतात. चावून, उड्या मारून, आपटून साठ मिनिटांत तो फुटला नाही तर पास. पण अस्वलं हुशार असतात. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉनडॅक डोंगरांत यलो-यलो नावाने ओळखली जाणारी एक अस्वलीण खुंटीचं झाकण उघडायला शिकली होती. २०१२मध्ये ती शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडली. योसेमिटीच्या स्नो क्रीक भागात अस्वलाने डबे कड्यावरून ढकलून फोडल्याचीही नोंद आहे. म्हणूनच रेंजरबाई जागेबद्दल दोनदा बोलल्या.

लेक व्हर्ना सुमारे ३,१०० मीटरवर आहे. तिथल्या पहाटे डब्याचा खरा दोष कळला. थंडीने प्लॅस्टिक आखडलं आणि खुंट्या दबेनात. नवऱ्याचा अंगठा लाल झाला, मुलगा उपाशी, आणि पारदर्शक भिंतीतून ओट्स समोर दिसताहेत. माझ्या बोटांत जुना सांधेदुखीचा त्रास आहे, मला तर झाकण हलवताही येईना. शेवटी मुलाने पाकिटातून जुनं लायब्ररी कार्ड काढलं आणि खुंटी आणि झाकणाच्या मधे सरकवलं. त्यावरून झाकण घसरत पुढे गेलं. एकट्याने जाणाऱ्याने आणि हातात जोर कमी असणाऱ्याने हे घरीच, डबा फ्रीजमध्ये तासभर ठेवून करून बघावं. नाही जमलं तर नाण्याने उघडणारा काळा डबाच घ्यावा.

त्याच दिवशी आम्हाला वरच्या तळ्यांपर्यंत जायचं होतं. अकरा वाजता पश्चिमेला ढग जमायला लागले. इथे उन्हाळ्यात दुपारी विजा पडतात, म्हणून उंचावरून दुपारच्या आत उतरायचं असतं. आम्ही मागे फिरलो. मुलगा तासभर बोलला नाही, मग गडगडाट सुरू झाल्यावर जवळ येऊन बसला.

डब्याऐवजी अस्वलांसाठीची मजबूत कापडी पिशवी का नको, असं बरेच जण विचारतात. तिचं वजन खूपच कमी असतं, पण या पार्कमध्ये टणक कवचच लागतं. दोरीने झाडावर टांगण्याचा भरवसा नाही. इथल्या स्प्रूस आणि फरच्या फांद्या आखूड आणि खाली झुकलेल्या असतात. खोडापासून पुरेशी दूर आणि पुरेशी उंच फांदी मिळणं कठीण, आणि काळं अस्वल झाडावर सहज चढतं.

माझं मत असं. वर्षातून एकदा जाणार असाल तर भाड्यानेच घ्या, पण दोन दिवस आधी आणा, धुवा, आणि सगळं भरून बघा. तिघांना दोन रात्रींसाठी साडेअकरा लिटर जेमतेम पुरतात. तिसरी रात्र असती तर दुसरा डबा लागला असता. आम्ही पुढच्या उन्हाळ्यासाठी सात लिटरचे दोन घेणार आहोत. एक मुलाच्या पाठीवर, त्याच्याच जबाबदारीवर.

परत देताना डबा धुऊन, पुसून, झाकण उघडं ठेवून वाळवला. आत एक चिठ्ठी टाकली: सत्तर पावलं, पाण्यापासून दूर, दोरी नको, थंडीत झाकण उघडायला जुनं कार्ड. काउंटरवरच्या मुलाने ती वाचली आणि म्हणाला, ‘‘याच्या प्रती काढून सगळ्या डब्यांत टाकतो.’’