पहिल्या गुंतवणूकदाराला संचालकपद द्यावे की निरीक्षकाची जागा?

सीड फेरीची, म्हणजे स्टार्टअपच्या सुरुवातीच्या गुंतवणुकीची, टर्म शीट (अटींचा मसुदा) हाती आली की संस्थापकांचे लक्ष मूल्यांकनाच्या आकड्यावर खिळते आणि संचालक मंडळाविषयीच्या चार ओळी घाईत वाचल्या जातात. त्या ओळींत फंडाने, म्हणजे गुंतवणूक करणाऱ्या संस्थेने, बहुधा दोनपैकी एक गोष्ट मागितलेली असते: आपला नामनिर्देशित संचालक किंवा बैठकीला बसणारा, पण मत नसलेला निरीक्षक.

कंपनी कायदा, २०१३ नुसार संचालकाला मताचा हक्क तर मिळतोच. शिवाय बैठकीची किमान सात दिवसांची नोटीस मिळते आणि हिशेबाची पुस्तके तपासता येतात. दोन संस्थापक आणि एक फंडाचा प्रतिनिधी असे मंडळ असले की ‘दोन विरुद्ध एक, मग काळजी कसली’ असे वाटू लागते. परंतु बैठक न घेता मसुदा सर्वांना पाठवून मंजूर करून घ्यायचा ठराव एक-तृतीयांश संचालकांच्या मागणीवरून बैठकीपुढे न्यावा लागतो, आणि तिघांच्या मंडळात एक-तृतीयांश म्हणजे तो एकटाच. गणपूर्तीला, म्हणजे बैठक वैध ठरण्यासाठीच्या किमान हजेरीला, कायद्याने दोन संचालक पुरतात, मात्र फंडाच्या करारात त्याच्या प्रतिनिधीशिवाय गणपूर्ती होणार नाही असे कलम अनेकदा असते, आणि मग केवळ गैरहजर राहूनही त्याला निर्णय लांबवता येतो. म्हणून तहकूब झालेल्या बैठकीत जे हजर असतील त्यांचीच गणपूर्ती मानली जाईल, एवढे वाक्य आग्रहाने घालून घ्यावे.

निरीक्षक हे पद कायद्याने निर्माण केलेले नाही. त्याला जे काही मिळते ते करारातून मिळते. त्याचे मत मोजले जात नाही आणि तो गणपूर्तीतही धरला जात नाही. त्यामुळे ही जागा निरुपद्रवी वाटते, पण माझ्या मते इथेच संस्थापक बेसावध राहतात. संचालकाला कलम १६६ प्रमाणे कंपनीच्या हितासाठी सद्भावनेने वागावे लागते, हितसंबंधांचा संघर्ष टाळावा लागतो आणि कलम १८४ प्रमाणे आपले हितसंबंध उघड करावे लागतात. निरीक्षकावर संचालक म्हणून यातले कोणतेच बंधन येत नाही. त्याच फंडाचे पैसे उद्या तुमच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेले, तर तुमच्या किमतींचा तक्ता पाहून गेलेल्या निरीक्षकाला रोखणारी गोष्ट म्हणजे गोपनीयतेचे कलम, तेही तुम्ही लिहून घेतले असेल तर. संवेदनशील विषयाच्या वेळी त्याला बाहेर थांबायला सांगण्याचा अधिकारही त्याच कलमात असावा.

फंडांनाही निरीक्षकपद सोयीचे वाटते, कारण कंपनीचा चेक वटला नाही किंवा वैधानिक देणी थकली की नोटिशीत संचालकांची नावे येऊ शकतात. तरीही मंडळ नेहमी एखाद्याच्या सूचनेप्रमाणेच वागत असेल, तर कलम २(६०) अशा व्यक्तीलाही कसूरदार अधिकाऱ्यांच्या व्याख्येत धरते. खुर्चीचे नाव बदलल्याने जबाबदारी पूर्णपणे टळत नाही.

दुसरा फरक नोंदीचा आहे. संचालकाची नेमणूक आणि राजीनामा कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. जून २०२३ मध्ये बायजूज या ऑनलाइन शिक्षण कंपनीच्या मंडळावरील गुंतवणूकदारांचे तीन प्रतिनिधी पायउतार झाले, तेव्हा त्या राजीनाम्यांचीच मोठी बातमी झाली. निरीक्षक निघून गेला तर अशी सरकारी नोंद होत नाही. पुढच्या फेरीच्या दृष्टीने हे संस्थापकांच्या सोयीचे आहे, नव्या गुंतवणूकदाराच्या नव्हे.

या दोन्ही पर्यायांत न बदलणारी गोष्ट म्हणजे गुंतवणूकदाराच्या संमतीशिवाय न करायच्या कामांची यादी: नवे समभाग, कर्ज, संस्थापकांचे वेतन, कंपनीची विक्री. खरा नकाराधिकार तिथे असतो. ही यादी कंपनीच्या नियमावलीतही (आर्टिकल्स ऑफ असोसिएशन) घेण्याचा आग्रह फंड धरतात, कारण नियमावलीत नसलेले समभाग हस्तांतरणावरचे निर्बंध कंपनीवर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रंगराज प्रकरणात म्हटले होते. संचालकाऐवजी निरीक्षक मान्य करून घेतला आणि यादी तशीच ठेवली, तर घासाघीस करून फारसे काही हाती लागत नाही.

हिस्सा दहा टक्क्यांच्या आत असेल आणि फंड एखादा कनिष्ठ सहकारी पाठवणार असेल, तर निरीक्षकपद द्यावे, असे माझे मत आहे. फेरीचे नेतृत्व करणाऱ्या व्यक्तीने स्वतः कंपनी चालवलेली असेल आणि ती वेळ देणार असेल, तर तिला संचालकपद देणे अधिक हिताचे, कारण तिच्या सल्ल्यामागे कायदेशीर जबाबदारी उभी राहते. मात्र प्रतिनिधी बदलण्यापूर्वी संस्थापकांशी चर्चा करावी आणि हिस्सा ठरावीक टक्क्यांखाली गेल्यास पद आपोआप संपावे, या दोन अटी आधीच लिहून घ्याव्यात.

स्टार्टअप म्हणून मान्यता असलेल्या खासगी कंपनीला, वार्षिक विवरणपत्रे वेळेत भरलेली असल्यास, दर सहामाहीत एक बैठक पुरते, पण दोन बैठकींत किमान ९० दिवसांचे अंतर लागते. एवढ्या विरळ भेटींवर विश्वास टिकत नाही, म्हणून शिल्लक रोकड, ती किती महिने पुरेल, विक्री आणि वाईट बातमी सांगणारे एक पानी पत्र दर महिन्याला संचालकालाही जावे आणि निरीक्षकालाही.