घाट चढताना बसून की उभं राहून?

रविवारी सकाळी पुण्याजवळच्या सिंहगड, बोपदेव किंवा कात्रजच्या जुन्या घाटात गेलात तर दोन्ही पंथांचे सायकलवाले भेटतात. एक सीट न सोडता हलक्या गिअरवर पाय फिरवत राहणारे, दुसरे चढ आला की उठणारे. दोन्हींत दम आहे. इटलीचा सायकलपटू मार्को पंतानी उभा राहून डोंगर चढायचा, १९९८ साली त्यानं जिरो (इटलीची मोठी शर्यत) आणि टूर द फ्रान्स दोन्ही जिंकल्या. ब्रिटनच्या ख्रिस फ्रूमनं २०१३ च्या टूरमध्ये फ्रान्सच्या माँ व्हाँतू डोंगरावर बसल्या बसल्याच सगळ्यांना मागे टाकलं. तेव्हा मोठ्यांची नावं घेऊन आपला प्रश्न सुटत नाही.

उभं राहण्याचे फायदे खरे आहेत. बोपदेवच्या खड्या टप्प्यात हलके गिअर संपले की अंगाचं वजनच कामी येतं. कंबर मोकळी होते, सीटवर अवघडलेल्या जागेला आराम मिळतो. उठण्याआधी एक-दोन गिअर जड करायचे आणि पॅडल खाली दाबतानाच उठायचं. नाहीतर सायकल क्षणभर मागे येते आणि पाठीमागच्याचं चाक तुमच्या चाकाला लागतं.

पण धाप लवकर लागते. सीटवरचा भार पाय आणि हात पेलतात, त्याला जादा प्राणवायू लागतो. त्याच वेगात माझे ठोके वाढतात आणि पुन्हा बसलं तरी लगेच खाली येत नाहीत. चढ फारच तीव्र असेल तर हा फरक कमी होतो, हेही खरं.

माझा निकाल मात्र पावसाळ्यानं लावला. आपल्याकडे घाटाची मजा जून ते सप्टेंबर. नेमकं तेव्हाच डोंगरावरून येणारं पाणी वळणांच्या आतल्या बाजूला वाळू आणि बारीक खडी आणून टाकतं. चढही तिथेच सगळ्यात खडा, म्हणजे उठावंसं वाटतं तेही तिथेच. उठलं की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि ऐन जोराच्या क्षणी जागच्या जागी फिरतं. पॅडल एकदम सैल पडतं, गुडघ्याला हिसका बसतो, सायकल तिरकी होते आणि मागून जीप हॉर्न देत असते. रुंद टायर घालून, हवा थोडी कमी करून पाहिली. त्रास कमी झाला, गेला नाही. त्याच वळणावर सीटच्या पुढच्या टोकाशी सरकून, कोपरं वाकवून, छाती हँडलकडे नेली की भार दोन्ही चाकांवर राहतो आणि सायकल खडीवरून निमूट निघते.

बसून चढायचं तर गिअर मात्र हवेत. मागच्या चाकावरच्या कॅसेटमध्ये (गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) सगळ्यात मोठी चकती ३२ किंवा ३४ दातांची असेल तर सिंहगडाचे साधारण नऊ किलोमीटर बसून निघतात. २५ दातांवर तोच हट्ट केला तर गुडघे बोलायला लागतील, तिथे उठणंच बरं. सीट फार खाली असेल तरीही गुडघ्यांवरच येतं. हलक्या अंगाच्या काही मित्रांना उभं राहणं जास्त मानवतं, त्यांना मी बसा म्हणणार नाही.

उड्डाणपूल किंवा छोटा चढ असेल तर खुशाल उठा. लांब घाट, कॅरिअरवर सामान किंवा ओला रस्ता असेल तर मी तरी बसूनच जातो. मधेच कोरडा, सरळ तुकडा लागला की दहा-बारा पॅडल उभं राहून कंबर मोकळी करतो आणि पुन्हा सीटवर.