फटाक्यांच्या स्टॉलचा परवाना: एजंटाला पाचपैकी तीन

गोव्यात डिचोलीत माझं स्टेशनरीचं दुकान आहे, आणि दिवाळीत फटाक्यांचा स्टॉल घालतो. २०२५च्या दिवाळीला परवान्याचं काम पहिल्यांदाच एका एजंटाला दिलं. त्यानंतर दीड महिन्यात हडफड्याच्या नाइट क्लबात आग लागून २५ माणसं गेली, आणि तेव्हापासून ओळखीचे हॉटेलवाले 'तुझा तो फायर एनओसीवाला (अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला काढून देणारा) कोण रे?' विचारत दुकानात येऊ लागले. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं. नाव इथं देत नाही, कारण या धंद्यातले बहुतेक जण याच साच्यातले निघतात.

आधी चांगलं. कागदपत्रांत माणूस पक्का. फटाकेविक्रीचा परवाना २००८च्या स्फोटक नियमांखाली जिल्हाधिकारी देतात, पण त्याआधी पालिका, पोलीस आणि अग्निशमन दल अशा तीन दारांतून जावं लागतं. कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो, जागामालकाच्या संमतीपत्रात काय राहिलं की परत पाठवतात, हे त्याला तोंडपाठ. सात हजार घेतले, सरकारी शुल्क वेगळं. सीझनच्या तोंडावर दुकान बंद ठेवून पणजीला खेपा मारण्यापेक्षा मला ते परवडलं.

घोळ नकाशात झाला. नियम साधे आहेत: शेड न पेटणाऱ्या साहित्याची, म्हणजे कापडी मांडव नाही, पत्रा. दोन शेडमध्ये ३ मीटर अंतर, तोंडं समोरासमोर नकोत. माणसं राहतात किंवा जमतात अशा इमारतीपासून ५० मीटर लांब. एका जागी ५०पेक्षा जास्त स्टॉल नाहीत. नकाशावर हे सगळं अगदी सुबक दाखवलं होतं. भाच्याला टेप धरायला लावून मैदानावर मोजलं, तर मागच्या घराची भिंत चाळीसच्या आतबाहेर! एजंटाला फोन केला. उत्तर आलं, "चलता शेट, कोण मेजपाक येता?" म्हणजे, मोजायला येतंय कोण?

मोजायला आले. अग्निशमन दलाचे साहेब टेप घेऊनच उतरले. तोवर आम्ही सगळ्या स्टॉलवाल्यांनी मिळून रांग पुढे सरकवली होती आणि नकाशा नव्याने काढून घेतला होता, म्हणून निभावलं. पण लोंबती वायर आणि तिला टांगलेला बल्ब त्यांनी लगेच उतरवायला लावला. दिवा भिंतीला नाहीतर छताला पक्का हवा आणि रांगेला एक मेन स्विच, जो कुणालाही धावत जाऊन बंद करता येईल. एजंटाने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

मग नळकांडी. 'एनओसी किट' म्हणून त्याने ६ किलोची दोन पावडरची अग्निशामक नळकांडी गळ्यात मारली होती, बाजारभावापेक्षा चांगलीच चढ्या दराने. एकाच्या गेजचा काटा हिरव्यातून खाली लाल पट्ट्यात, म्हणजे आतला दाब गेलेला, आणि भरल्याच्या तारखेचं लेबल कोरं. साहेबांनी भाच्याला बोलावलं, "पिन काडून दाखय." भाच्याचा हात आधी दांड्यावर गेला, दांडा दाबलेला असला की पिन निघत नाही, हे त्याला तिथंच कळलं.

त्यांनी सांगितलेलं एक मात्र डोक्यात बसलंय. फटाक्याच्या दारूत पोटॅशियम नायट्रेटसारखी द्रव्यं असतात, म्हणजे जळायला लागणारा ऑक्सिजन ती सोबत घेऊनच बसलेली असते. पावडर मारून, झाकून ती गुदमरत नाही. तिथं भरपूर पाणी हवं, आणि पाण्याने आवरत नसेल तर माणसांना लांब न्यायचं. नळकांडं खोके, वायरिंग, बाजूचं गवत यांच्यासाठी. दोनशे लिटरचं पिंप आणि वाळूच्या बादल्या आम्ही त्याच दुपारी आणल्या. सात हजारांत न मिळालेलं शिक्षण इथं फुकट मिळालं.

(नरकासुराचे पुतळे करणारी पोरं मध्यरात्रीनंतर ओठांत सिगरेट धरून सुतळी बॉम्ब मागायला येतात, त्यांच्यापुढे कुठलाच नियम चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली. आमच्याकडे नरकासुराचा पुतळा जळतो पहाटे.)

हॉटेलवाल्यांसाठी वेगळं सांगतो. याच एजंटाने माझ्या मावसभावाला पाच कमर्शियल सिलिंडरसाठी 'पेसो'चं, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा खात्याचं, लायसन लागेल म्हणून घाबरवलं आणि त्याचे वेगळे पैसे सांगितले. १९ किलोचे पाच म्हणजे ९५ किलो. १०० किलोपर्यंतच्या एलपीजी साठ्याला ते लायसन लागत नाही. सहावा सिलिंडर आत आला की ११४ होतात, तेव्हा लागतं, आणि शेगडीला जोडलेल्यांसोबत बाजूला भरून ठेवलेले सिलिंडरही मोजायचे. अग्निशमन दलाचा दाखला ही निराळी गोष्ट, ती चुकवू नका.

तर पाचपैकी तीन तारे, तिन्ही फाइलचे. यंदाही फाइल त्याच्याकडेच देणार. नकाशा मोजल्याशिवाय सही करणार नाही, आणि नळकांडी आयएसआय खूण, काटा आणि तारीख बघून स्वतः घेणार. भाव ठरवताना 'किट नको' हे आधीच बोला, नाहीतर तो बिलात धरूनच चालतो.